जुन्या पिकअपची ‘टिक टिक’ : इंजिन उघडण्याआधी एवढं तपासून घ्या

येवला (वार्ताहर) : जानेवारीचा दुसरा आठवडा होता. निफाड-येवल्याकडची थंडी माहिती असणाऱ्याला वेगळं सांगायला नको. पहाटे साडेचारला हौद्यात १५ क्विंटल लाल कांदा भरून गाडी लासलगावला काढायची, लिलावाच्या रांगेत पुढे नंबर लागावा हा हिशोब. चावी फिरवली, इंजिन लागलं आणि बॉनेटखालून आवाज सुरू झाला. टिक टिक टिक टिक. शिलाई मशीन चालावी तसा, एका तालात. रेस दिली की जलद, सोडली की संथ.

गाडी तेरा वर्षांची. डिझेल, चार सिलेंडर, आमच्या भागात दर दुसऱ्या वस्तीवर दिसते तसली पिकअप. तीन लाखाच्या आसपास किलोमीटर झालेले. तिच्यावर कांदा जातो, खत येतं, लग्नाची वऱ्हाडं जातात, अडल्यानडल्याला बाळंतीणही जाते. त्यामुळे आवाज आला की पोटात गोळा येतो. मंडळी दारातूनच म्हणाली, “अहो, गाडी काहीतरी बोलतेय. नेऊ नका एवढ्या लांब.” मी नेली. लासलगावच्या वेशीपर्यंत आवाज जवळपास गेला होता. म्हटलं, थंडीचा असेल. दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा तेच.

चार दिवसांनी तालुक्याच्या एका गॅरेजला दाखवली. मिस्त्रींनी बॉनेट उघडलं, अर्धा मिनिट ऐकलं आणि निकाल दिला. “भाऊ, टॅपेट बोलतात. कॅम खाल्लेला दिसतो. हाफ इंजिन करावं लागेल.” खर्च विचारला. पंचेचाळीस हजार, वर निघेल ते वेगळं. त्या वर्षी कांद्याचे पैसे सोसायटीच्या भरण्यात जायचे होते. पंचेचाळीस हजार म्हणजे पोरीच्या बारावीनंतरच्या फीचा विषय. दोन दिवसांत एक गाड्यांचा दलालही घरी येऊन गेला. “आवाजाची गाडी आहे, दादा” असं म्हणत त्याने जो भाव सांगितला, तो ऐकून चहा पाजायचीही इच्छा राहिली नाही.

शेवटी इंजिन उघडलंच नाही. झालेला खर्च पुढे सांगतो. पण त्या पंधरा दिवसांत जे शिकलो ते आपल्या भागातल्या जुन्या गाडीवाल्यांच्या उपयोगाचं आहे, म्हणून ही बातमीवजा माहिती. मी मिस्त्री नाही. शिकवलं ते गावातल्या नानांनी. एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये आयुष्य घालवून निवृत्त झालेले, आता दिवसभर पारावर. त्यांना म्हटलं, “नाना, जरा गाडी ऐकता का?” तर म्हणाले, “ऐकतो. पण गाडी रात्रभर थंड पडू दे. गरम गाडी खोटं बोलते.”

आधी एक प्रश्न : उभ्या गाडीत येतो का चालत्या?

सगळ्यात पहिलं हेच. गाडी न्यूट्रलला उभी करून रेस दिल्यावर आवाज जलद होतो का? होत असेल तर आवाज इंजिनाचा किंवा इंजिनावर फिरणाऱ्या वस्तूंचा. उभ्या गाडीत आवाज नाही आणि गाडी हलली की सुरू होतो, तर इंजिनाकडे बघूच नका, चाकं आणि शाफ्ट बघा.

पक्कं करायचं तर सपाट, मोकळ्या रस्त्यावर ताशी ३० च्या वेगात क्लच दाबा आणि इंजिन स्लोवर येऊ द्या. इंजिन संथ झालं तरी टिक टिक त्याच वेगात चालू राहिली तर ती चाकाच्या बाजूची. हा प्रयोग उतारावर करू नका आणि चालत्या गाडीत इंजिन बंद तर अजिबात नको. इंजिन बंद झालं की ब्रेकची आणि पॉवर स्टेअरिंगची मदत जाते, भरलेली गाडी मग आवरत नाही.

चाकाच्या बाजूचा आवाज असेल तर आधी काय बघायचं? टायरच्या खाचेत अडकलेला खडा. हसू नका. आमच्या भागात खडीचे रस्ते आणि मुरमाचे बांध, दहातल्या दोन-तीन गाड्यांची तक्रार इथंच मिटते असं नानांचं म्हणणं. त्याचा हिशोबही सोपा आहे. पिकअपचं चाक एका फेऱ्यात साधारण सव्वादोन मीटर जातं. ताशी २० ला सेकंदाला अडीच फेरे होतात. म्हणजे खडा किंवा खिळा असेल तर सेकंदाला दोन-तीन टिक. त्यापेक्षा बराच जलद आवाज असेल, चौपटीच्या आसपास, तर तो प्रोपेलर शाफ्टचा, कारण शाफ्ट चाकाच्या साधारण चौपट फिरतो. तिथं क्रॉस बघायचा. क्रॉस गेला की गाडी उचलताना ‘टक्’ करतो, ग्रीस संपलं असेल तर चालताना चिमणीसारखा चिवचिवतो. गाडीला चारही बाजूंनी उटी लावून, इंजिन बंद करून, खाली हात घालून शाफ्ट हातानं पिळून बघा, ढिलाई लगेच कळते.

आणि चाकाचे नट. हे मी वेगळं लिहितोय. पंक्चर काढल्यावर नट नीट आवळले गेले नाहीत तर कमी वेगात अशीच टिक टिक येते. बाकी आवाज आठवडाभर थांबले तरी चालतात, हा थांबत नाही. चाक निघून जातं. पंक्चर काढून पन्नासेक किलोमीटर झाले की पाना लावून पुन्हा एकदा आवळायची सवय ठेवा.

आमच्या गाडीचा आवाज उभ्या गाडीत येत होता. म्हणजे इंजिनाकडेच.

ऑइलची पट्टी आणि लाल दिवा

नानांनी सकाळी सहाला आल्या आल्या बॉनेट उघडण्याआधी विचारलं, “ऑइलचा दिवा?” चावी दिल्यावर पेटतो आणि इंजिन लागलं की विझतो, असं सांगितलं. “मग बोलू आपण,” म्हणाले.

कारण असं. इंजिनाच्या आतला प्रत्येक फिरणारा भाग ऑइलच्या पातळ थरावर तरंगत असतो. ऑइलचं प्रेशर गेलं की लोखंड लोखंडाला लागतं. तेव्हा टिक टिक आणि लाल दिवा दोन्ही एकदम दिसले, तर गाडी जिथं असेल तिथं बाजूला घेऊन बंद करायची. घर दोन किलोमीटरवर असलं तरी. “तेवढं जाऊ” म्हणून गेलेल्यांची इंजिनं मी पाहिली आहेत, क्रँक निळा पडलेला असतो.

दिवा ठीक असेल तर पट्टी बघा. गाडी सपाट जागेवर, इंजिन बंद करून दहा मिनिटांनी. पट्टी पुसून पुन्हा घालून काढायची. दोन खुणांच्या मध्ये ऑइल हवं. कमी असेल तर त्याच ग्रेडचं टाका. आणखी एक, पट्टीवरचं ऑइल बोटावर घेऊन वास घ्या. डिझेलचा वास आला, ऑइल पाण्यासारखं पातळ वाटलं किंवा पातळी आपोआप वाढलेली दिसली, तर डिझेल ऑइलमध्ये उतरतंय. तशा ऑइलवर टॅपेटच काय, सगळंच बोलायला लागतं. आमचं ऑइल काळं होतं, पण डिझेल इंजिनात ते काळंच असतं. पातळी बरोबर होती.

टॅपेट म्हणजे काय आणि सगळे त्याचंच नाव का घेतात

सिलेंडरमध्ये हवा आत घेणारा आणि धूर बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह असतो. कॅमशाफ्ट फिरतो, तो रॉकरला ढकलतो, रॉकर व्हॉल्व्हला दाबतो. रॉकर आणि व्हॉल्व्हच्या मध्ये मुद्दाम एक बारीक फट ठेवतात, कारण गरम झाल्यावर लोखंड लांबतं. ही फट मिलिमीटरच्या दोन-चार दशांशांची असते, नेमका आकडा कंपनीच्या पुस्तकात दिलेला असतो. झिजेने ती वाढली की रॉकर व्हॉल्व्हवर हातोडीसारखा आपटतो, टिक टिक येते. फिलर गेजची पत्ती घालून फट पुन्हा बसवणं याला टॅपेट सेटिंग म्हणतात. जुन्या डिझेल गाडीत हे अर्ध्या दिवसाचं काम. नव्या धाटणीच्या बऱ्याच इंजिनांत ही फट ऑइलच्या दाबावर आपोआप भरून निघते, तिथं सेटिंग नसतं.

इथं नानांनी एक गोष्ट सांगितली ती मला आधी उलटीच वाटायची. म्हणाले, “आवाज करणाऱ्या टॅपेटला भिऊ नको. गप्प बसलेल्याला भी.” फट जास्त असेल तर आवाज येतो, थोडी ताकद जाते. पण आवाज जावा म्हणून कुणी फट गरजेपेक्षा कमी केली, तर गरम झाल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण बसतच नाही. पेटलेला गॅस त्या फटीतून जात राहतो आणि व्हॉल्व्हची कड जळते. गाडी एकदम शांत चालते आणि सहा महिन्यांत हेड खाली येतं. त्यामुळे कुणी नुसत्या कानाने, गेज न लावता टॅपेट आवळत असेल तर हात जोडून थांबवा.

टॅपेटचा आवाज सगळ्यांना माहिती म्हणून सगळ्या टिक टिकीचं नाव टॅपेट. खरी अडचण पुढे आहे. हे इंजिन चार स्ट्रोकचं. क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा एका सिलेंडरचा एक व्हॉल्व्ह एकदा उघडतो. स्लोवर इंजिन मिनिटाला ८०० फेरे घेत असेल तर एका टॅपेटची टिक मिनिटाला ४००, म्हणजे सेकंदाला सहा-सात. आता त्याच सिलेंडरचा धूरही दोन फेऱ्यांत एकदाच बाहेर पडतो. त्याचं नोझलही एकदाच डिझेल सोडतं. म्हणजे टॅपेट, नोझल आणि धुराची गळती, तिन्हींचा ताल एकच. नुसता ताल ऐकून तिन्हींतला फरक कुणालाच सांगता येणार नाही, कितीही मुरलेला मिस्त्री असो. आमच्या मिस्त्रींनी फसवलं असं मी म्हणत नाही. त्यांनी ताल ऐकला, ओळखीचं नाव घेतलं. गाडी तेव्हा चार किलोमीटर चालून गरम झाली होती, एवढंच.

थंड, गरम, रिकामी, भरलेली

तालाने कळत नाही ते तापमानाने आणि वजनाने कळतं. नानांनी मला चार दिवस वहीत लिहायला लावलं. इंजिन लागल्यावर आवाज किती, पाच मिनिटांनी किती, पंधरा मिनिटांनी किती, रिकाम्या गाडीत किती, चढाला भरलेल्या गाडीत किती. बातम्या लिहिणाऱ्याला हे काम जमण्यासारखं होतं.

टॅपेटचा आवाज स्लोवर सगळ्यात स्पष्ट ऐकू येतो आणि गाडी भरलेली आहे की रिकामी याच्याशी त्याचं फारसं घेणंदेणं नसतं. मॅनिफोल्डची गळती, म्हणजे इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या ओतीव लोखंडी नळकांड्याचा जॉइंट फुटलेला असणं, थंडीत जोरात बोलते, गरम झाल्यावर लोखंड फुगून फट मिटते तशी कमी होते आणि चढाला रेस दिली की पुन्हा वाढते. पिस्टन झिजून सिलेंडरमध्ये हलत असेल तर तोही आवाज थंडीत जास्त आणि गरम झाल्यावर कमी, पण तो ‘टिक’ नसतो, बोदा ‘ठक’ असतो. कनेक्टिंगची बेअरिंग गेली असेल तर आवाज खोलातून येतो, हातोडा गोणपाटात गुंडाळून मारावा तसा. वजनावर वाढतो, गरम झाल्यावर कमी व्हायच्या ऐवजी बिघडतो, ऑइलचा दिवाही स्लोवर मिणमिणायला लागतो. हा शेवटचा आवाज असेल तर मात्र पंचेचाळीस हजार परवडले म्हणायचे, गाडी ओढून न्या, चालवत नेऊ नका.

माझ्या वहीत आलं ते असं : थंडीत जोरात, पंधरा मिनिटांत पाऊण हिस्सा कमी, गावाबाहेरच्या चढाला भरलेल्या गाडीत पुन्हा जाग. ऑइलचा दिवा गप्प.

ठिबकची नळी कानाला

आता जागा शोधायची. डॉक्टरच्या स्टेथोस्कोपसारखं यंत्र मिळतं, पण आमच्याकडे होती ठिबकची १६ एमएमची लॅटरल. विनाछिद्राचा दीड मीटरचा तुकडा कापला. एक टोक कानाशी धरायचं, दुसरं इंजिनाभोवती फिरवायचं. नळी हवेतला आवाज पकडते, म्हणजे फुसफुस, गळती. लोखंडातला आवाज ऐकायचा असेल तर लांब स्क्रू ड्रायव्हर घ्या, टोक इंजिनाच्या न फिरणाऱ्या भागाला टेकवा आणि मूठ कानापुढच्या हाडाला लावा. टॅपेटचा आवाज वरच्या कव्हरवर खणखणीत येतो, नोझलचा नोझलच्या बुडाशी, डायनामोच्या बेअरिंगचा डायनामोवर. प्रत्येक ठिकाणी दहा-दहा सेकंद ऐका, एकमेकांशी ताडून बघा. एक नोझल बाकीच्या तिघांपेक्षा वेगळं बोलत असेल तर तिथं लक्ष द्यायचं.

हे करताना गळ्यात उपरणं, मफलर, अंगात शाल नको. बाह्या दुमडा. थंडीच्या दिवसांत हीच चूक होते, फॅन आणि बेल्ट कापड ओढून घेतात. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, चाकांना उटी. इलेक्ट्रिक फॅन असलेल्या गाडीत इंजिन बंद असतानाही फॅन अचानक सुरू होऊ शकतो.

बेल्टच्या बाजूचा संशय असेल तर इंजिन बंद करून फॅनबेल्ट उतरवा आणि एक मिनिटभरच चालू करून बघा. आवाज गेला तर पाण्याचा पंप, डायनामो किंवा टेन्शनरची पुली. मिनिटापेक्षा जास्त चालवू नका, पाणी फिरत नाही. बऱ्याच डिझेल गाड्यांत ब्रेकचा व्हॅक्यूम पंप डायनामोच्या पाठीलाच असतो, तेव्हा बेल्ट काढलेली गाडी जागेवरून हलवायचीही नाही. आणि हे बाहेरच्या फॅनबेल्टचं सांगतोय. आतल्या टायमिंग बेल्टला हात लावायचा नाही.

जुन्या मेकॅनिकल पंपाच्या गाडीत मिस्त्री लोक एकेका नोझलच्या पाइपचा नट ढिला करून सिलेंडर तोडतात आणि आवाज बदलतो का ते बघतात. पद्धत जुनी आणि कामाची आहे. पण गाडी कॉमन रेलची असेल तर हे कधीही, कुणालाही करू देऊ नका. टायरमधली हवा साधारण ४ बार धरली तर कॉमन रेलच्या पाइपात हजार बारच्या वर दाब असतो. तो डिझेलचा बारीक फवारा कातडी भेदून आत जातो. बाहेरून सुईएवढं छिद्र दिसतं, दुखतही नाही फारसं, आणि आत हात सडायला लागतो. असं झालं तर घरगुती मलम न लावता तडक मोठ्या दवाखान्यात जायचं आणि ‘दाबाचं डिझेल आत गेलंय’ असं स्पष्ट सांगायचं.

आमची नळी फिरत फिरत मागे गेली. चौथ्या सिलेंडरच्या बाजूला, केबिनच्या पत्र्याजवळ, मॅनिफोल्डच्या शेवटच्या टोकाला. तिथं टिक टिक नव्हती. तिथं ‘फुस्-फुस्-फुस्’ होतं. त्याच तालात. लांबून टिक ऐकू येत होतं ते जवळून फुसफुसणं होतं.

काजळी

बॅटरी लावून वाकून बघितलं. मॅनिफोल्ड आणि हेडच्या सांध्यावर, बोटाएवढ्या जागेत काळी काजळी, आणि वरच्या पत्र्यावर काळा फराटा. बाकीच्या तीन सिलेंडरजवळ नुसती गंजाची तांबूस धूळ. शेवटचा बोल्ट, म्हणजे स्टड, तिथं नव्हताच. नट आणि वरचा तुकडा कधीतरी तुटून रस्त्यात पडला होता. टोकाचेच स्टड का तुटतात तेही नानांनी सांगितलं. ओतीव मॅनिफोल्ड तापलं की लांबतं, निवलं की आखडतं. मधला भाग फारसा सरकत नाही, टोकं सगळ्यात जास्त सरकतात. तेरा वर्षं रोज हे झालं की टोकाचा स्टड थकतो.

खात्रीसाठी दुपारी गाडी थंड असताना पंक्चरवाल्याकडे नेली. म्हणजे दोरीनं ओढत, इंजिन न लावता. सायलेन्सरच्या टोकात ओला बारदाना कोंबून कॉम्प्रेसरची हवा अगदी हळू सोडली आणि सांध्यावर साबणाचं पाणी फवारलं, आपल्या पाठीवरच्या पंपानंच. चौथ्या सिलेंडरच्या सांध्याला बुडबुड्यांचा गुच्छ आला. बाकी कोरडं. पंक्चरवाला पोरगा म्हणाला, “दादा, ट्यूबसारखंच आहे की.” तसंच आहे.

यात एक गोष्ट राहिली होती आणि ती मला त्या काळ्या फराट्यावरून सुचली. फराटा केबिनच्या पत्र्यावर होता. त्या पत्र्यातूनच वायरिंगचं आणि क्लचच्या केबलचं भोक आत येतं, त्याचं रबर कधीच फाटलेलं. हिवाळाभर आठवड्यातून तीन दिवस मोठी मुलगी पहाटे माझ्याबरोबर क्लासला यायची. काचा वर, थंडी म्हणून. आणि महिनाभर तिची तक्रार होती, “पप्पा, गाडीत बसलं की डोकं दुखतं.” आम्ही म्हणत होतो बारावीचा अभ्यास, जागरण, चष्म्याचा नंबर. चष्म्याच्या डॉक्टरकडे जाऊनही आलो होतो. डिझेलच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड पेट्रोलच्या मानाने कमी असतो हे खरं, पण बंद केबिनमध्ये तो आणि बाकीचा धूर साचत राहणं चांगलं नाहीच. डिझेलचा धूर कॅन्सर करणाऱ्या गोष्टींच्या यादीत २०१२ सालीच गेलेला आहे, जागतिक आरोग्य संघटनेच्या संस्थेने तो तसा नोंदवलाय. धुरामुळेच तिचं डोकं दुखत होतं असं कुणी डॉक्टरनं लिहून दिलेलं नाही. पण गाडी नीट झाल्यावर तक्रार थांबली. पंचेचाळीस हजार वाचले याचा आनंद झाला तसा या गोष्टीचा झाला नाही, उलट त्या रात्री नीट झोप लागली नाही.

नोझलच्या बुडाची तांब्याची वायसर फुटली तरी असाच धूर येतो. तिथं नोझलभोवती डांबरासारखा काळा थर जमतो आणि केबिनमध्ये वास येतो. तेव्हा आवाज कसलाही असो, गाडीत धुराचा वास किंवा डोकेदुखी असेल तर काचा खाली करा आणि आधी तेच बघा. पोरंबाळं पुढच्या सीटवर असतील तर आजच.

काम आणि खर्च

दुरुस्ती गावातल्याच फिटरनं केली, नाना खुर्ची टाकून समोर. तुटलेला स्टड हेडमध्ये खोल अडकलेला, पण थोडं टोक बाहेर होतं. दोन दिवस त्यावर गंज सुटायचं तेल मारत ठेवलं. मग त्या टोकावर नट ठेवून आतून वेल्डिंग भरलं आणि लाल असतानाच पाना लावून हलवत हलवत फिरवला. वेल्डिंगच्या उष्णतेनेच जाम सुटतो. वेल्डिंग करण्याआधी बॅटरीची वायर काढायला विसरू नका. टोक बाहेर नसतं तर ड्रिल मारावं लागलं असतं आणि तिथं हात वाकडा गेला तर हेडचं नुकसान होतं, ते काम लेथवाल्याकडेच द्यावं.

मॅनिफोल्ड उतरवल्यावर सरळ पट्टी लावून बघितलं, टोकाला किंचित वाकलेलं. लेथवर फेस मारून आणलं. नवीन गॅस्केट, आणि स्टड एकच नाही तर आठही नवे, कारण बाकीचे सातही त्याच वयाचे. आवळताना मधून सुरू करून टोकाकडे, दोन-तीन फेऱ्यांत, टॉर्क पान्याने. आठवड्यानं पुन्हा एकदा तपासले. केबिनच्या भोकाचं रबर बदललं, ते वीस रुपयांचं.

गॅस्केट साडेतीनशे, स्टड-नट सहाशे चाळीस, फेस मारायला चारशे, वेल्डिंग पाचशे, मजुरी बाराशे. रबर धरून तीन हजार एकशे दहा. नानांनी काही घेतलं नाही, पाच किलो कांदे तेवढे नेले आणि तेही निवडून. दुकानातले आणि मजुरीचे हे दर आमच्या इथले त्या वेळचे, तुमच्याकडे थोडं इकडेतिकडे होईल.

गॅरेजला जाताना काय करायचं, एवढं सांगून थांबतो. थंड इंजिन लागतानाचा आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करा, बॉनेट उघडून, एक मिनिट. मग पंधरा मिनिटांनी गरम इंजिनाचा. मिस्त्रींना दोन्ही ऐकवा. शक्य असेल तर गाडी आदल्या संध्याकाळी गॅरेजला सोडा म्हणजे सकाळी ते स्वतः थंड इंजिन ऐकतील. ‘टॅपेट वाजतात’ असं आपण सांगायचं नाही, आपण नाव घेतलं की समोरचाही तेच ऐकतो. कधी येतो, कधी जातो, चढाला काय होतं, एवढंच सांगा. आणि हेड उघडायचं ठरलं तर विचारा, उघडण्याआधी काय काय तपासलं. चांगला मिस्त्री या प्रश्नाला रागवत नाही.

त्या पहिल्या गॅरेजला मी परत गेलो होतो, दुसऱ्या कामाला. मिस्त्रींना सगळं सांगितलं. दोन मिनिटं गप्प राहिले. मग म्हणाले, “ती ठिबकची नळी किती लांब कापली होती?”